पितळी झाकण

मिस्त्रीच्या गॅरेजात चूक नेहमी दुसऱ्याची असायची. गाडी बिघडली तर चालवणाऱ्याची, दुरुस्त करूनही बिघडली तर पेट्रोलवाल्याची, आणि पाना सापडेना झाला तर बायकोची, जिने जन्मात पाना हातात धरला नव्हता. माणूस हाताचा पक्का, यात वाद नाही. तोंडाचाही पक्काच, हीच तर पंचाईत.

त्याची सून जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होती. डोंगरावरच्या वस्त्यांवर जाऊन शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची. नवरा जहाजावर, म्हणून घरी पडून राहिलेली त्याची जुनी मोटारसायकल तिने वापरायला काढली. उंच, जाड खाचांच्या टायरांची, दगडधोंड्यांतून जाणारी. मिस्त्रीला कोण आनंद! टाकीचं झाकण गंजलं होतं, तर पठ्ठ्याने लेथवर पितळेचं नवं घडवलं, घासूनपुसून लखलखीत केलं आणि स्वतः बसवून दिलं.

पुढे गाडी चढावर बंद पडू लागली.

सून अवाक्षर बोलली नाही. दूधवाल्याने येऊन सांगितलं, "तुमची सूनबाई रोज चढावर उभी दिसते बुवा." त्यातच दवाखान्याच्या साहेबांनी तिला दम भरला. पुन्हा उशिरा पोचलीस तर वरच्या वस्त्या दुसऱ्याकडे, आणि तू इथे टेबलाशी कारकुनी करत. हे बायकोने मिस्त्रीला जेवताना ऐकवलं. सून मान खाली घालून जेवत राहिली. त्या वस्त्यांवर तिचा जीव होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मिस्त्री इरेला पेटला. कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग बदलला, कॉइल तपासली. टाकी काढून बाजूला ठेवायची, पेट्रोलची बाटली सलाईनसारखी वर टांगायची आणि इंजिन चालवून बघायचं, ही त्याची पद्धत. इंजिन तासभर बिनतक्रार धडधडलं.

"गाडीला काय धाड भरलीय?" त्याने निकाल दिला. "चालवणाऱ्याचंच चुकतंय. क्लच धरून ठेवतेस तू."

"बरं, बाबा," सून म्हणाली.

"बरं काय बरं? धरतेस का?"

"आता नाही धरणार."

बायकोला राहवेना. "अहो, एवढं कळतंय तर एकदा स्वतः जाऊन या की चढावर!"

सुट्टीच्या दिवशी मिस्त्री हेल्मेट चढवून निघाला. निम्म्या चढावर इंजिनाने दोन आचके दिले आणि मान टाकली. किका मारून मारून त्याला घामाने अंघोळ झाली. कठड्यावर एक मेंढपाळ बसला होता. त्याने बराच वेळ ही गंमत बघितली, मग म्हणाला, "झाकण उघडा."

"पेट्रोल आहे भरपूर."

"ते मला काय ठाऊक? ती लसवाली बाई झाकण उघडते, परत लावते, मग गाडी चालते."

मिस्त्रीने झाकण फिरवलं. टाकीने सुस्सकन हवा आत ओढली. पुढच्या किकेला गाडी चालू.

तो झाकण हातात घेऊन उभाच राहिला. टाकीतलं पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यायला हवी, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. हे शेंबडं पोरही सांगेल. याला भोकच नव्हतं. आणि गॅरेजात कळणार कसं? तिथे सगळं काम बाटलीवर.

"छट्!" तो ओरडला. मेंढपाळाला वाटलं, मेंढ्यांना म्हणतोय.

घरी येऊन त्याने सुनेला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग झाकण सैल ठेवायचंस."

"पेट्रोल मांडीवर सांडतं, बाबा."

"अगं, मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर मानलं असतंत?"

मिस्त्रीने विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला.

"नसतं," तो म्हणाला, आणि त्याला फार वाईट वाटलं. पोरगी आवडत्या कामावर पाणी सोडायला निघाली होती, पण सासऱ्याला चुकलात म्हणायला तिची जीभ रेटली नव्हती.

त्याने झाकणाला भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी सुनेच्या मागे बसून दवाखान्यात गेला आणि साहेबांपुढे उभा राहिला.

"उशीर हिच्यामुळे झाला नाही, साहेब. टाकीचं झाकण मी केलं. भोक ठेवायला विसरलो. चूक माझी."

साहेबांना झाकणाचं ओ की ठो कळलं नाही. पण आपण होऊन चूक कबूल करायला आलेला माणूस त्यांच्याही पाहण्यात फारसा नसावा. वरच्या वस्त्या सुनेकडेच राहिल्या.

संध्याकाळी सुनेने ही हकीकत सासूला सांगितली. सासू हातातलं काम टाकून तडक गॅरेजात आली.

"'चूक माझी' म्हणालात? याच शब्दांत?"

"हो."

"इतकी वर्षं संसार केला मी तुमच्याशी. वाट बघून बघून केस पिकले. आणि म्हणालात कुठे, तर गुरांच्या दवाखान्यात!" तिचे डोळे भरून आले होते.

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. "बरं, तुलाही म्हणतो. कशाबद्दल म्हणू?"

बायकोने स्टूल ओढून घेतलं. "बसा," ती म्हणाली, "सांगते."