इन्चार्ज सिस्टरांचा डावा हात

आमच्या इन्चार्ज सिस्टरांना न घाबरणारा एकही डॉक्टर त्या हॉस्पिटलात नव्हता, आणि त्यांना आठवड्यापेक्षा जास्त काळ घाबरून राहिलेली एकही नवी नर्स नव्हती. मूळच्या अकोल्याच्या, यजमान रेल्वेत, म्हणून जयपुरात. पेशंटांशी हिंदी, कागदावर इंग्रजी आणि राग आला की अस्सल वऱ्हाडी. औषधांच्या कपाटाचं कुलूप अडकलं की त्या त्याच्यावर असं काही तोंड सोडत, की झोटवाड्याची एक म्हातारी पेशंट ओढणी सावरून हात जोडायची. तिला तो मंत्र वाटायचा. नव्या मुलींना मात्र त्या कधी बोलल्या नाहीत. उलट आमच्यासाठी भांडायच्या. एकदा एका डॉक्टरांनी चार दिवसांपूर्वी लागलेल्या मुलीला सगळ्यांदेखत झापलं. सिस्टरांनी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. "डॉक्टरसाब, पहले महीने की डाँट मैं खाती हूँ. अब बोलिए." डॉक्टर राउंड अर्धवट टाकून चहाला गेले.

मी तिथे लागले ते मिस्ड कॉल देण्याचे दिवस होते. घरी भुसावळी मराठी, कॉलेजात हिंदी आणि हातात नवीकोरी डिग्री. दुसऱ्याच आठवड्यात जयपूरजवळच्या बस्सी गावच्या एका आजोबांना सलाईन लावताना दोनदा शीर चुकली. त्यांचा मुलगा ओरडला, "सीखना है तो कहीं और जाकर सीखो!" मी चादरींच्या खोलीत जाऊन रडत बसले. राजीनाम्याची वाक्यंसुद्धा जुळवली.

सिस्टर आल्या. समजूत वगैरे काही नाही. नवी सुई माझ्या हातात दिली, बाही वर केली आणि आपला गुबगुबीत डावा हात पुढे धरला.

"कायले रडून राहिली वं? शोध शीर. माह्या हातात सापडली, तर जयपुरात कोणाच्याही हातात सापडन."

"तुम्हाला दुखेल, सिस्टर."

"दुखू दे. मी का पेशंट हाओ ओरडाले?"

पहिल्यांदा चुकली. त्यांनी पापणीही हलवली नाही. दुसऱ्यांदा सुईत रक्त दिसलं. हातावर कापूस दाबत त्या मला दुसरी नवी सुई घ्यायला लावून तशीच आजोबांपाशी घेऊन गेल्या आणि मुलाला म्हणाल्या, "यही लगाएगी. मैं खड़ी हूँ." मग आजोबांशी बाजरीच्या पिकाच्या गप्पा सुरू केल्या. आजोबांचं वाक्य संपायच्या आत सलाईन सुरू झालं होतं. आजोबांनी विचारलं, "लग गई, बेटी?" त्या दिवसापासून मी नर्स आहे.

चार वर्षांनी यजमानांची बदली झाली आणि सिस्टर निघाल्या. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी भाषणाचा आग्रह केला. त्यांनी पर्समधून पुढच्या आठवड्याच्या ड्यूट्यांचा कागद काढला. सोमवारी एक मुलगी नव्यानं लागणार होती. तिच्या नावासमोर, सोबत म्हणून, त्यांनी माझं नाव लिहिलं होतं. मी आभार मानायला पुढे झाले. माझ्या हातात कागद देऊन त्या एवढंच म्हणाल्या, "पहिला महिना तिले एकटी सोडजो नको."