मस्कतला न पाठवलेलं माप

मोरा बंदराजवळच्या मोहल्ल्यात कुणाला पोराचे बूट घ्यायचे असले की आधी हलिमाला हाक जायची. तिला फूटपट्टी लागत नसे. पोराला अंगणातून चालत येताना एकदा पाहिलं की बाई नंबर सांगून मोकळी. "अकरा. पन डावा पाय उजव्यापेक्षा मोठा हाय, डाव्यावर घालून बघा," असं ती म्हणायची आणि ते खरं निघायचं. बूट अंगठाभर मोठा घ्यावा, दोन अंगठे नाही, हा तिचा कायदा. पोरगं वाढतंय म्हणून दोन वर्षांचा बूट एकदम घेणाऱ्या शहाण्यांना ती तोंडावर सुनवायची, की पहिल्या वर्षी बुटात कोंबलेला कापूस शाळेत जाईल आणि दुसऱ्या वर्षी भोक. उरणच्या बाजारातले बूटवाले हौसेराव, मूळचे कराडकडचे, तिला पाहून खूशही व्हायचे आणि धास्तावायचेही. ती एका वेळी चार गिऱ्हाइकं आणायची आणि चौघांच्या वतीनं एकटीच भांडायची.

अशा या बाईच्या स्वतःच्या घरात मात्र मापाचा नुसता बट्ट्याबोळ. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिचा नवरा जुनैद मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. दोन वर्षांनी एकदा चाळीस दिवसांची सुट्टी. पोरांच्या पायात परदेशी बूट घालायची त्याला भारी हौस. म्हणून हलिमा पोरांना कागदावर उभं करायची, पेन्सिलीनं पायाची कड काढायची आणि तो कागद पत्रात घालून पाठवायची. कागद पंधरा दिवसांत पोचायचा. बूट मात्र तिकडून कुणी ओळखीचं गावी निघालं की त्याच्या बॅगेतून यायचे, पाच-सहा महिन्यांनी. तोवर पाय काही थांबलेले नसायचे. थोरल्या अरसलानचे पहिले परदेशी बूट त्याच्या टाचेपाशीच अडकले.

पुढच्या खेपेला हलिमानं हुशारी केली. पायाची कड काढली ती चांगली दोन बोटं लांब. तिकडे जुनैदनंही हुशारी केली. पोरगं वाढलं असणार, म्हणून त्यानं कागदाहून दोन नंबर मोठा बूट घेतला. एकानं दुसऱ्याला कळवलं नाही. मग जे बूट आले त्यात बसून अरसलान पार मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापर्यंत वल्हवत गेला असता. सासूबाईंनी त्यातल्या एकात आठ दिवस लसूण ठेवला. शेवटी हलिमा मुकाट्यानं हौसेरावांकडे गेली आणि रोजचे साधे बूट घेऊन आली.

पंचाण्णव सालच्या एप्रिलात जुनैदचं पत्र आलं. मेच्या मध्यावर येतोय, तिघांचे पाय लवकर पाठव. हलिमानं कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि धाकट्या मिस्बाहला उभं करायला गेली. तिचा तो तळहाताएवढा पाय कागदावर पडला आणि हलिमाचा हात थांबला. अरसलान आठ वर्षांचा, मुस्कान सहाची. त्यांना बाप आठवत होता. मिस्बाह तीन वर्षांची. जुनैद गेला तेव्हा ती भिंतीला धरून नुकती उभी राहायला लागली होती. अब्बा कुठं आहेत विचारलं की ती कपाटावरच्या फोटोकडे बोट करायची. चाळीस दिवसांत ही पोर बापाला आपला म्हणेल का, नाही म्हटलं तर मग एकदम पाचव्या वर्षीच भेट, हा घोर हलिमाला कित्येक दिवस लागून राहिला होता. तिनं पेन्सिल ठेवली आणि पत्रात दोनच ओळी लिहिल्या: "पाय पाठवीत न्हाय. ते इथंच हायेत, तुमी या आणि तुमच्या हातानं घाला."

जुनैद आला त्या सकाळी घरात कुणाचं कशात लक्ष नव्हतं. मुंबईहून येणारी लाँच भरती आल्यावरच लागणार हे ठाऊक असूनही हलिमा पोरांना घेऊन तासभर आधीच धक्क्यावर जाऊन उभी राहिली. लाँच दिसली, तसा अरसलान ओरडत सुटला, मुस्कान उड्या मारू लागली, आणि हलिमाला आपण हसतोय की रडतोय ते कळेना. जुनैद उतरला. दोघा थोरल्यांनी त्याला मिठी घातली. त्यानं मिस्बाहकडे हात पसरले, आणि पोर आईच्या ओढणीत शिरली ती घर येईपर्यंत बाहेर आली नाही.

आणि मग ती तशीच राहिली. बाहुली घेतली, पण आईच्या हातून. चॉकलेट खाल्लं, पण आजीच्या मांडीवर. जुनैद खोलीत आला की ती दाराकडे सरकायची. तो घोडा झाला, माकड झाला. अरसलान-मुस्कान हसून हसून लोळले, मिस्बाह गंभीरपणे बघत राहिली. जुनैद तसा सोशिक माणूस. पण वीस दिवस झाले, निम्मी सुट्टी सरली, तेव्हा एका दुपारी जेवता जेवता त्यानं हात थांबवला. "तिच्या घरात पाहुना आलाय," तो म्हणाला. "कवा जातोय याची वाट बघतेय ती." नवऱ्याच्या डोळ्यांत तिनं पाणी बघितलं नव्हतं, ते त्या दुपारी बघितलं.

तिनं ठरवलं, रविवारी बूट.

शनिवारी रात्रीपासून ती नुसती फुलून गेली होती. अरसलान-मुस्कानची शाळा उघडायला आठवडा होता आणि मिस्बाह यंदा पहिल्यांदाच बालवाडीत जाणार होती. जुनैदचा बेत वेगळा. मुंबईला जाऊ, मोठ्या दुकानातून भारीतले घेऊ, कमावतो कशासाठी, असं त्याचं म्हणणं. हलिमानं ते मुळापासून उपटलं. चार-पाच महिन्यांत पाय बुटाबाहेर जाणार, मग भारीचा बूट काय लोणच्यात घालायचा? आणि पोरांना लग्नाला जायचं नाही, धुळीत खेळायला जायचं आहे. रोजच्याला रोजचाच बूट लागतो. जुनैद हसला आणि कबूल झाला. या विषयात तिच्यापुढे कुणाचं चालत नाही हे त्याला मस्कतमध्येही माहीत होतं.

रविवारी हौसेरावांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तिथं येणारा प्रत्येक जण पायच ठेवायला आला होता. जूनची ती गर्दी म्हणजे हौसेरावांची दिवाळी. ते स्वतः माळ्यावर बसायचे. खालून कुणी नंबर ओरडला की वरून खोका यायचा, आणि बूट ज्याच्या त्याच्या आई-बापानंच घालून बघायचा. सगळीकडे आया वाकलेल्या, पोरं एका पायावर, आणि नव्या रबराचा तो वास. हलिमाला हा वास जत्रेसारखा चढायचा.

तिनं अरसलानला एका हातानं धरलं, मुस्कानला दुसऱ्या हातानं. "शेठ, एक नंबर मुलाला आनि बारा मुलीला," तिनं आवाज दिला. एक नंबर ऐकून जुनैद चक्रावला. थोरल्याला एक आणि मधलीला बारा कसं? तेराच्या पुढे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात हे हलिमानं त्याला भर गर्दीत समजावलं. मग मिस्बाहला उचलून तिनं त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसवलं. "हिचं तुमी बघा. मला ह्या दोघांतून सवड न्हाय."

जुनैदनं वर पाहून काळे, पट्ट्याचे बूट मागितले. हौसेरावांनी वरून विचारलं, किती नंबरचे? जुनैदनं हलिमाकडे पाहिलं. हौसेरावांनीही पाहिलं.

"मला म्हाईत न्हाय," हलिमा म्हणाली आणि मुस्कानच्या बुटाची नाडी बांधू लागली.

बंदरावर आज भरती यायची राहिली असं कुणी सांगितलं असतं, तर हौसेरावांनी एक वेळ विश्वास ठेवला असता. हलिमाला नंबर माहीत नाही? ते माळ्यावरून अर्धे बाहेर वाकले. खाली गुडघ्यावर बसलेला बाप, त्याच्याकडे न बघणारी पोर आणि खाली मान घालून लाल झालेली हलिमा, एवढं त्यांनी पाहिलं. पंचवीस वर्षं पाय बघणाऱ्या माणसाला त्यापुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी सात, आठ, नऊ असे तीन खोके एकदम खाली सोडले. "असू द्या," ते म्हणाले. "बापाला कळंल."

हलिमा बांधलेली नाडी सोडायची आणि पुन्हा बांधायची. मिस्बाहचा पाय आठचा होता. तो तिला डोळे मिटूनही सांगता आला असता आणि जिभेच्या टोकावर आलेला आकडा तिनं दातांत धरून ठेवला होता. जुनैदनं सातचा बूट घेतला. एसीची यंत्रं खोलणारे त्याचे हात त्या एवढ्याशा पट्ट्याशी झटत होते. मिस्बाह आईकडे हात करून रडवेली झाली. हलिमानं मान वर केली नाही. तेवढं मन घट्ट तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"चावतोय," मिस्बाह म्हणाली.

जुनैदनं चमकून वर पाहिलं. ती त्याच्याशीच बोलली होती. कुठं चावतोय, त्यानं हळूच विचारलं. तिनं वाकून करंगळीपाशी बोट ठेवलं. त्यानं बूट काढला, करंगळी चोळली, नऊचा घातला. तो टाचेतून निसटून खाली पडला, आणि मिस्बाहला हसू आलं. त्यानं मुद्दाम पुन्हा घातला, पुन्हा पडला. या वेळी ती मोठ्यानं हसली.

मग आठचा. त्यानं अंगठ्यानं पुढचं टोक दाबून पाहिलं. कसं दाबायचं हे त्यानं शेजारच्या एका आईकडे बघून शिकून घेतलं होतं. नीट बसतोय का बघायला त्यानं तिला स्टुलावरून उतरवून उभं केलं. एका पायात बूट, एक पाय उघडा, पोर डुगडुगली आणि तोल सावरायला तिनं दोन्ही हात बापाच्या डोक्यावर ठेवले. त्याचे केस मुठीत धरले. जुनैद पट्टा लावून झाल्यावरही मान खाली घालून तसाच बसून राहिला.

हलिमा आता उघड बघत होती. अरसलान काहीतरी विचारत होता, ते तिला ऐकू येत नव्हतं.

मिस्बाहनं थोडा वेळ वाट पाहिली. मग हातातले केस ओढले आणि उघडा पाय पुढे केला.

"अब्बा, हा राहिला."