चहा नंतर!

पालकांना आधी स्वतः यथेच्छ झापायचं आणि मगच साहेबांसमोर न्यायचं, ही भोयेबाईंची रीत. मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी पंचायत समितीमागच्या चिंचेखाली त्या दगडावर बसायच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायच्या आणि समोरच्या आईवर खेकसायच्या, "काय गं, पांगळ्या पोरीला शाळेत घालून कलेक्टर करणार काय?" पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघता काय मास्तर? तालीम चाललीय. इथं रडून घेतलं की आत रडू येत नाही."

भोयेबाई जव्हारकडच्या. तालुक्यातल्या अपंग मुलांसाठी नेमलेल्या कंत्राटी शिक्षिका. वर्षातून एकदा प्रत्येक मुलाच्या शिक्षणाचा आराखडा ठरवायला शिक्षण खात्याच्या साहेबांपुढे बैठक व्हायची: मूल शाळेत बसणार की घरी, त्याला मदतनीस मिळणार की नाही. त्यासाठी बाई पाडेच्या पाडे पालथे घालून आयांना गोळा करायच्या. "घरी शिक्षण म्हणजे काय ठाऊक आहे का? पोरगी घरी, शिक्षण कागदावर!" जीभ अशी तिखट. पण डब्यातली नागलीची भाकर एखाद्या पोराच्या थरथरत्या हातात दिली, की तिचा चुरा सांडेल तेवढा सांडू द्यायच्या. "सांडू दे. हात शिकतोय," म्हणायच्या.

त्या दिवशी चिंचेखाली बसलेली पारू माझ्याच पाड्यावरची, पोशेऱ्याकडची. तिची जनी आठ वर्षांची. पायांत बळ नाही, जीभ जड, समज मात्र लखलखीत. आईच्या पाठुंगळी शाळेच्या दारापर्यंत यायची आणि बाहेरूनच पाढे म्हणायची. वर्गात बसवायची तर तिला उचलायला, मोरीकडे न्यायला कुणीतरी हवं. मी एकटा चार इयत्ता सांभाळणारा. मदतनीस मिळाली तर जनी शाळेत, नाहीतर जन्मभर घरच्या ओट्यावर. एवढाच प्रश्न होता.

तालमीत पारूला तोड नव्हती. पाड्यावर लहानथोर सगळ्यांना 'तू'च. तिने बाईंना ठणकावलं, "कलेक्टर नको करू तू तिला. शाळंत बसव. एक बाय दे, उचलाया." पाठीवरची जनी खिदळली. बाई खूश. "आता साहेबाचा बाप आला तरी ही गप्प बसायची नाही!"

आणि आत बैठकीत साहेब ओरडलेच नाहीत. उठून खुर्ची दिली. "या ताई, बसा. लांबून आलात. आधी चहा घ्या." पारूला आयुष्यात कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. ती खुर्चीच्या कडेला टेकली आणि कपबशी दोन्ही हातांनी धरून चहा प्याली. साहेब म्हणाले, "लेकीचे हाल नकोत म्हणून सांगतो ताई, आमच्या बाई घरी येऊन शिकवतील. चालेल ना?" ज्याचा चहा प्यायला त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? पारूने मान डोलावली. भोयेबाई मध्ये पडल्या, तर साहेब हसून म्हणाले, "अहो, आईला बोलू द्या की!" झालं. अंगठा उठला.

बाहेर आल्यावर पारू म्हणाली, "लय चांगला होता गं तो, बाय." भोयेबाईंनी कपाळावर हात मारला. "केसाने गळा कापला मेल्यानं! आणि मी शहाणी, शिव्यांची तालीम घेत बसले. शिवीला उत्तर देता येतं. गोडाला काय देणार, डोंबल?" त्या दिवशी शेअर जीपमध्ये त्या मोठ्याने रडल्या, अगदी सगळ्यांदेखत.

पुढच्या वर्षी शिव्या बंद. बाई घरून थर्मास आणायच्या, "या ताई, बसा ताई" करत कप पुढे करायच्या आणि जी उचलेल तिच्या हातावर फटका मारायच्या. "चहा नंतर! आधी पोराचं बोल." जनी पाठीवरून ऐकत असायची. त्या बैठकीत पारूने साहेबांचा कप बोटाने बाजूला सारला. "आधी पोरीचं सांग." साहेबांचं हसू मावळलं, पण आराखड्यात लिहावं लागलं: शाळा. मदतनीस मंजूर.

मंजूर झाली, पण आली नाही. ते वर्ष असंच गेलं. ज्या दिवशी भोयेबाईंची फेरी, त्या दिवशी त्या स्वतः जनीला उचलून वर्गात बसवायच्या. बाकीचे दिवस ओटा. मग बाईंचंच कंत्राट संपवलं. वर निरोप समारंभ केला! शाल, नारळ, 'आपलं मोलाचं योगदान'. मला त्या शालीचा आजही संताप येतो. भाषणं संपेपर्यंत बाईंपुढच्या चहावर साय धरली, त्यांनी हात लावला नाही. जाताना म्हणाल्या, "मास्तर, आता तालीम तुम्ही घ्या." त्यानंतर त्या मोखाड्यात दिसल्या नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा पारू जनीला पाठीवर घेऊन दारात उभी होती. "ती बाय आली का, उचलाया?"

मदतनीस आली नव्हती. भोयेबाईही नव्हत्या. पोरीला आज परत ने, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? मी पटकन खुर्ची पुढे ओढली. "या पारूताई, बसा. आधी चहा घ्या."

पारू जागची हलली नाही. तिच्या खांद्यावरून जनीने मान वर काढली आणि जड जिभेने, एकेक शब्द ओढत म्हणाली, "च्या नंतर, मास्तर."