टाकीची इर्जिक

पवना धरणाच्या पाण्यावरची माझी मोटारबोट डिझेल गाळायला लागली, तेव्हा धाकट्या दिरानं गिऱ्हाईकच दारात आणून उभं केलं. "वैनी, टाकी सडली. द्या इकून, अन् तुमी तुंगार्लीच्या बंगल्यावर परत सैपाकाला जावा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला! माझे मालक वारल्यापासून बोट मी चालवत होते. बाईमाणूस पर्यटकांना बुडवंल म्हणून गावानं नाकं मुरडली, तरी चालवली. आता एका गंजक्या टाकीपायी द्यायची? रविवारपर्यंत बोट सुरू झाली नाही तर खुशाल विका, असं मी रागात बोलून बसले.

बोलायला काय जातंय! टाकी निघेचना. मालकांनी टाकी आधी बसवली आणि मग तिच्यावर फळ्या, बाकडी पक्की ठोकली. भाताची कणगी घरात विणली की दारातून बाहेर निघत नाही, तशातली गत. दीर म्हणाला, वरचं सगळं उखडा. मग बोटीत उरलं काय, कपाळ? मी ठरवलं, टाकीच आतल्या आत कापायची.

एकटीच्यानं ते होणार नव्हतं, म्हणून मी इर्जिक बोलावली. आमच्या मावळात शेताच्या कामाला एकमेकांकडे असं जातात. मजुरी नाही, जेवण मात्र पोटभर. बोटीसाठी इर्जिक कुणी ऐकली नव्हती. शेजारणी आधी फिदीफिदी हसल्या, पण आल्या. त्यांची माणसंही आली.

दीर ग्राइंडर घेऊन आला. "ठिणगी पडली तर बोटीसकट उडाल, भाऊजी! ठेवा तितंच!" मी अशी खेकसले की तो दोन पावलं मागं सरला. आम्ही उरलंसुरलं डिझेल काढलं, टाकी साबणाच्या पाण्यानं धुतली. गळतीवर साबणाची वडी घासून भोक बुजवलं, आत डिझेलची वाफ राहू नये म्हणून पाणी भरलं आणि हातकरवतीनं पाळीपाळीनं कापायला घेतलं. फळ्यांतल्या लहानशा झाकणातून पालथं पडून कापायचं, हात भरून यायचे. एक म्हातारी मावशी म्हणाली, "आगं, टाकी हाय का माझी सासू? हटतच न्हाई!" हसता हसता करवत अडकायची.

शेवटचा तुकडा निघाला तेव्हा सगळा काठ ओरडला. मग झाकणातून आत जातील अशा दोन लहान टाक्या सरकवल्या आणि नळीनं जोडल्या. रविवारी सकाळी इंजिन एकदा खोकून बंद पडलं. नळीतली हवा काढली, पुन्हा चावी फिरवली, आणि धडधडायला लागलं की हो! मी भोकाड पसरून रडले, लाज कसली.

इर्जिकीची सगळी माणसं पहिल्या फेरीला बसवली. दीर काठावरच उभा. आजवर तो हिला 'दादाची बोट' म्हणायचा. आम्ही निघालो तसा तो चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यात आला आणि ओरडला, "वैनी, तुमच्या बोटीत मला बी घ्या की!"

घेतलं त्याला.