खाजणाची तालीम

"माझंही नाव लिहा," असं बाबा भर सभेत उभं राहून म्हणाले, तेव्हा मी मान खाली घातली.

ते फक्त मला सोडायला आले होते. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी रत्नागिरीत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि बाबा बोटीवरची नोकरी संपवून नुकतेच कायमचे घरी आले होते. त्या संध्याकाळी वाचनालयाच्या माडीवर जमलेली मंडळी एक पदयात्रा ठरवत होती. दाभोळपासून निघायचं, वाशिष्ठीच्या खाडीच्या काठाकाठानं, खाजणांतून, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीतून, आणि बांधांवरून चार दिवस चालायचं आणि चिपळूणच्या अलीकडच्या धक्क्यावर पोचायचं. ज्याचं सामान त्याच्या पाठीवर. प्रत्येकानं आपापल्या ओळखीत मदत मागायची आणि जे जमेल त्यातून खाडीकाठच्या गावांसाठी एक यंत्राची होडी घ्यायची, आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला दवाखान्यात नेण्यासाठी.

माझी पहिली नोकरी त्याच खाडीकाठच्या एका शाळेत झाली होती. शेजारच्या घरातली सून भरतीची वाट बघत काठावर डोलीत पडून राहिलेली मी पाहिली होती. बाई वाचली, मूल नाही वाचलं. म्हणून मला जायचं होतं. आणखीही एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला चार दिवस घरापासून लांब हवे होते.

बाबा उभं आयुष्य बोटीवर. वर्षातले दीड-दोन महिने घरी यायचे, तेव्हा घरात सण असायचा. आता ते रोजच घरी होते आणि घर त्यांना हातात घ्यावंसं वाटत होतं. डबे कुठं ठेवायचे, रहाट कसा ओढायचा, मी शाळेत कुठल्या रस्त्यानं जायचं, सगळ्यावर त्यांचं मत. आई एकदा विळीवर नारळ खवता खवता म्हणाली, "पाहुणे होते तोवर बरे होते गो." मी हसले. ती हसली नाही.

तर नाव लिहिलं गेलं. आमचे वाटाडे होते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सर. तिवरांच्या, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांच्या, नादानं त्यांनी जिल्ह्यातली खाजणं पायांखाली घातली होती. त्यांनी चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, "चिखलात चालायची सवय आहे का?"

"पाण्यात आयुष्य गेलं साहेब," बाबा म्हणाले.

"मी चिखलाचं विचारतोय."

"चिखल म्हणजे तरी काय, घट्ट पाणीच की!"

माडीवर हशा पिकला. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

मग तयारी सुरू झाली. पाठीवरची पिशवी रत्नागिरीत विकत मिळेना, म्हणून ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून मी एक शिवून घेतली. साधीच, पण माझ्या मापाची. दोन दिवसांनी शाळेतून आले तर ओटीवर पिशवीचे तुकडे पसरलेले आणि मध्ये मांडी घालून बाबा.

"शिवण बघितलीस याची? पहिल्या ओढीला फाटेल," ते म्हणाले. ते बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. दोर, ताडपत्री, शिडाचं कापड, यांतलं त्यांना कळत होतं हे खरंच.

"बाबा, ती माझी होती."

"तुझीच आहे. चांगली करून देतो."

चांगली होईपर्यंत पंधरवडा गेला. दोन पदरी कापड, मेण लावलेला दोरा, वर पितळी कड्या. रिकामी उचलली तरी खांदा वाकायचा. पट्टे इतके ताठ की पहिल्याच दिवशी मानेजवळची कातडी सोलवटली. मी आईकडून खोबरेल लावून घेतलं आणि बाबांना काही बोलले नाही. बोलायची रीतच नव्हती आमच्याकडे. एवढ्या लांबून आलेल्या माणसाशी भांडायचं कसं, असं लहानपणापासून मनात बसलेलं.

सरांनी सांगितलं होतं, पिशवीत तांदूळ भरून रोज वाळूत चाला. मी भाट्याच्या किनाऱ्यावर जायला लागले, अर्थात बाबाही आले. ते दर चार पावलांवर थांबत. कुणी जाळी सोडवत बसलेला भेटे, कुणी सुरूच्या सावलीत बसलेला निवृत्त कारकून. प्रत्येकाला हॅम्बुर्गच्या थंडीची तीच गोष्ट. मी पुढं निघून जायचे, मग मागून हाक यायची, "बाय, थांब गो!" थांबले की अंग गार पडायचं, तालीम फुकट. एक म्हातारी रोज विचारायची, "मास्तरीणबाय, तांदूळ घेऊन खंय चाललीस? माहेराक का सासराक?" मी लग्न न केलेली, माहेरीच राहणारी. आधी हसण्यावारी नेलं, मग रस्ता बदलला. बाबांनी मात्र त्या म्हातारीलाही हॅम्बुर्ग ऐकवलं.

शाळेतही तेच. मुख्याध्यापिकाबाईंनी रजा दिली, पण वर म्हणाल्या, "वडील बरोबर आहेत ना, मग काळजी नाही." मदत मागायला जिथं गेले तिथंही तेच. "तुमचे बाबा या वयात चालणार? धन्य आहे!" पदयात्रा हळूहळू बाबांची झाली होती. मी त्यांच्याबरोबर जाणारी मुलगी.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात सरांनी आम्हा सगळ्यांना काजळीच्या खाडीतल्या एका खाजणात सरावाला नेलं. सकाळची ओहोटी होती. तिवरांच्या मुळांचे खुंट चिखलातून बोटांसारखे वर आलेले. खेकडे सरसर बिळांत शिरत होते. सरांनी प्रत्येकाच्या हातात बांबू दिला आणि सांगितलं, "माझ्या पावलावर पाऊल टाका. झाडाच्या बुंध्याजवळून चाला, तिथं जमीन धरते. मोकळा, गुळगुळीत, चकाकणारा चिखल दिसला तर तिकडे जाऊ नका. आणि उभे राहू नका. उभा राहिला तो बुडाला."

आमची रांग चालू लागली. खरं सांगायचं तर थोडा वेळ मला फार बरं वाटलं. बांबू टेकायचा, जमीन चाचपायची, पाऊल टाकायचं. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज, "एवढा वळसा कशाला? इकडून सरळ जाता येतंय."

"बाबा, सरांनी तिकडे जाऊ नका सांगितलंय."

"मला नको शिकवू गो."

आणि ते गेले. त्या चकाकणाऱ्या चिखलात चार पावलं टाकली आणि पाचव्याला मांडीपर्यंत आत. दुसरा पाय काढायला गेले तर तोही गेला. मी बांबू आडवा धरून पुढं सरकले आणि त्यांचा दंड पकडला.

"सोड!" ते ओरडले. "हात सोड माझा! माझा मी येतो."

ते जितके हलत होते तितके खाली जात होते. सर पालथे झोपून सरपटत आले, मागून दोघांनी बांबू टाकले. "आजोबा, हलू नका. आडवे व्हा. अंग टाकून द्या," सर शांतपणे म्हणत होते. बाबांना अंग टाकता येईना. मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. ओठ पांढरे पडले होते आणि नजर माझ्यावर नव्हती, पलीकडे ओहळातून चढायला लागलेल्या पाण्यावर होती. शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना काढलं, तेव्हा पाणी त्यांच्या कमरेला लागलं होतं. काठावर आल्यावर ते माझ्यावरच ओरडले, सगळ्यांसमोर, "तू मध्ये ओढलंस म्हणून रुतलो!"

रिक्षा करून आम्ही दोघं घरी आलो. दारात आईनं दोघांना वरून खाली बघितलं आणि घंगाळात पाणी काढायला गेली.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले. "तुमच्या वडिलांना नेता येणार नाही," ते म्हणाले. "तेवढं तुम्ही त्यांना सांगा."

"मी? सर, वाटाडे तुम्ही आहात."

"मुलीनं सांगितलेलं बरं दिसतं."

"नाही सर. तुम्हीच सांगा."

ते संध्याकाळी घरी आले. चहा घेतला, बाबांच्या तब्येतीची चौकशी केली, भरती-ओहोटीबद्दल बोलले, हॅम्बुर्गची गोष्ट ऐकली. निघताना अंगणात माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि सायकलवर टांग टाकून गेले. मी दगडी गडग्यापाशी उभी राहून चिडले होते. सरांवर, बाबांवर, त्या होडीवरसुद्धा.

तशीच आत गेले. बाबा ओटीवर पाय शेकत बसले होते.

"बाबा, तुम्ही यायचं नाहीये. सरांनी तुमचं नाव काढलंय. सांगायचं धाडस त्यांना झालं नाही."

त्यांनी शेक बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, बरं झालं."

"माझा त्रास झाला तुला?"

"हो. पहिल्या दिवसापासून."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मला वाटलं, आता ते ओरडतील. ते म्हणाले, "बोटीवर तुमची पत्रं यायची. सगळे खुशाल, काळजी नसावी. दर वेळी तेच. मला वाटायचं, माझ्यावाचून यांचं काही अडत नाही." मग म्हणाले, "त्रास झाला तर तेव्हाच सांगायचं होतंस. आधी."

"तुम्ही ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं," ते म्हणाले.

एवढंच. त्यानं माझा राग गेला असं नाही. पुढचे दिवस ते माझ्याशी जेवणापुरतं बोलले आणि हवं होतं ते मोकळेपण मिळूनही मला ते मनासारखं उपभोगता येईना. निघायच्या सकाळी मी पाया पडले, तेव्हा "जा" म्हणाले आणि पेपर वर धरला. एसटीत बसल्यावर मी चिडून रडले. हवं होतं ते मिळालं होतं, तर हे रडणं कशाला?

चार दिवस चाललो. पाय कालवांच्या धारदार शिंपल्यांनी कापले, एका गावात आमचं स्वागत विसरूनच गेले होते, दुसऱ्या गावात भाषणं संपेनात आणि ओहोटी हुकली. चिखल माझ्या ओळखीचा झाला. शेवटच्या दिवशी धक्का दिसला तेव्हा काठावर बरीच माणसं होती. मी नकळत बाबांना शोधू लागले. ते नव्हते. माणसांच्या पुढं, छत्री मिटून हातात धरलेली, आई उभी होती. रत्नागिरीबाहेर एकटी कधी न गेलेली माझी आई पहाटेच्या एसटीनं चिपळूणला उतरून विचारत विचारत धक्क्यावर आली होती.

"बाबा कुठंत?" मी विचारलं.

"ते निघाले होते. मी म्हटलं, तुम्ही बसा घरी. या खेपेला मी जाते."

"आणि ऐकलं?"

"न ऐकून काय करतात? भात लावून आल्येय, उतरवायला कुणीतरी नको?"

तिनं माझे पाय बघितले. मग धक्क्याच्या पायऱ्या उतरून अगदी कडेपर्यंत गेली, लुगडं जरा उचलून धरलं आणि ओहोटीनं उघड्या पडलेल्या त्या काळ्या चिखलाकडे बराच वेळ बघत राहिली.