वजीर संभाळ

मोसंबीच्या सालीत नख रुतलं की मला जालन्यातल्या एका शाळेचा हॉल आठवतो. जिल्ह्याच्या बुद्धिबळ स्पर्धेचा शेवटचा डाव होता आणि जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाणार होता. मी वाटूरची, समोर तीर्थपुरीचा माझ्याच वयाचा पोरगा. नुकतीच मोसंबी सोलून खाल्ल्यामुळं त्याची बोटं घमघमत होती, आणि तो हात लावील त्या मोहऱ्यालाही तोच वास येत होता. वर पंखे करकरत होते, बाकी सगळं चिडीचूप. त्याच्या राजाच्या मागं लागण्याच्या नादात माझा वजीर उघडा पडलेला मला दिसलाच नाही. त्यानं घोडा पुढं आणला, घड्याळ दाबलं आणि सहज बोलून गेला, "वजीर संभाळ." आमच्याकडं पारावर तशीच रीत; वजिरावर मारा केला की समोरच्याला सांगायचंच. पंच तरातरा आले. "अरे, इथं बोलायचं नसतं!" तो पार गोंधळला. "मंग न सांगता मारायचा का, सर?" मी वजीर काढून घेतला आणि पुढं त्याच वजिरानं त्याच्यावर मात केली. हात मिळवताना तो एवढंच म्हणाला, "बराबर खेळलीस." परतीच्या एसटीत माझ्या तळव्याला मोसंबीचा वास येत होता. आता मी मोबाइलवर खेळते. पलीकडं कोण आहे ते ठाऊक नसतं, त्याला माझा आवाजही ऐकू जात नाही. तरी कुणाचा वजीर माझ्या माऱ्यात आला की तोंडातून निघतंच, "वजीर संभाळ."