टेलला पोचलं का?

स्टाफरूममध्ये चहा आला की आम्ही सगळे घोट घेऊन मोकळे व्हायचो. आमचे कॉम्प्युटरवाले सर मात्र कप हातात धरून, मान उंच करून दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीकडे बघत बसायचे आणि शिपायाला विचारायचे, "टेलला पोचलं का रं?" तिकडून कुणीतरी कप वर करून दाखवला की मगच पहिला घोट. तोवर चहावर साय धरलेली असायची. तसाच प्यायचे.

टेल म्हणजे पाण्याच्या पाटाचं शेवटचं टोक. तुम्ही ऊसपट्ट्यातले असाल तर हे सांगायला नको. त्यांचं गाव कुंडलच्या बाजूला, आणि गावच्या उपसा योजनेच्या पाटावर अगदी शेवटी त्यांचं रान. वरचे लोक मध्येच पाट फोडायचे. इकडे मोटर बंद व्हायची वेळ झाली तरी यांची सरी कोरडी. लहानपणी बांधावर बसून पाण्याची वाट बघितली, त्याचीच ही सवय, असं ते सांगायचे. रडगाणं म्हणून नाही, कुणी आपली उंची सांगावी तसं सांगायचे.

कराडच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते कॉम्प्युटरची सगळी यंत्रणा बघत आणि मी ग्रंथपाल. ओळख झाली ती भांडणातून. ग्रंथालयातला थंड कोपरा हेरून त्यांनी तिथे एक सर्व्हर आणून ठेवला, तोही माझं मासिकांचं कपाट सरकवून. मला न विचारता! मी काय गप्प बसणार? "हे डबडं आत्ताच्या आत्ता हलवा," म्हटलं.

"आवं मॅडम, डबडं न्हाई, तळं हाय ते," ते शांतपणे म्हणाले. "आपली इंटरनेटची लाईन एवढीशी. एका पोरानं पान उघडलं, की हे यंत्र त्याची प्रत जवळ ठिवतंय. दुसऱ्यानं तेच मागितलं, की बाहेर जायाचं न्हाई, हितनंच द्यायचं."

याला कॅशिंग प्रॉक्सी म्हणतात हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की वाचनकक्षातल्या कॉम्प्युटरवर पानं झटझट उघडायला लागली. कपाटाचा विषय मी तात्पुरता सोडला. ते तात्पुरतं किती वर्षं चाललं ते विचारू नका.

यंत्रात चालणारा तो प्रोग्रॅम परदेशात कुणी तरी लिहिलेला, ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुला. पण नुसता लिहून भागत नाही. तो कुणाच्याही कॉम्प्युटरवर बिनबोभाट बसावा म्हणून त्याचं पॅकेज बांधावं लागतं. नवी आवृत्ती आली की पुन्हा बांधायचं, भोक सापडलं की ठिगळ लावायचं. हे काम साऱ्या जगासाठी आमचे हे गृहस्थ करत होते, कराडात बसून, मधल्या सुट्टीत.

"याचा पगार कोण देतं?" मी एकदा विचारलं.

"पाटातला गाळ काढायला पगार असतोय व्हय? ज्यानं पाणी घेतलं त्यानं खोरं धरायचं."

पुढे दिवस बदलले. कॉलेजची लाईन मोठी झाली. बऱ्याच साइटींनी पानं कुलूपबंद करून पाठवायला सुरुवात केली, म्हणजे मधल्या यंत्राला आत बघता येईना, मग प्रत ठेवणार कशाची? मला वाटलं, यांना वाईट वाटेल. हे म्हणाले, "बरंच झालं की. मधी कुणी चोरून वाचणार न्हाई." मूळ प्रोग्रॅम लिहिणारेही दुसऱ्या कामाला लागले. आणि मग त्यात एक मोठं भोक सापडलं. त्यातून बाहेरचा कुणीही आत शिरू शकला असता. यांनी कसंबसं ठिगळ लावलं आणि गार चहाचा कप घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"मॅडम, हे आता बंद करायचं. मी रिटायर व्हायच्या आत, माझ्या हातानं."

"मग करा की. एक बटण दाबायचं, सुटलात."

"तसं सुटत न्हाई. मी पॅकेज काढलं, तरी ज्याच्या कॉम्प्युटरवर बसलंय तिथं ते चालतंच ऱ्हाणार. भोकं पडत जाणार, आन ठिगळ लावायला कोण न्हाई. त्यास्नी वाटणार, कोणतरी बघतंय. आन बघणारा तर गावाकडं ऊस राखत बसलेला."

त्या दिवसापासून माणूस हट्टाला पेटला. कुठेकुठे विचारलं, कुणाकुणाला मेल केले. अजून कोण वापरतंय? दुसरा प्रोग्रॅम घ्या, मी मदत करतो. मेलचं इंग्रजी तपासायला माझ्याकडे. एकेक जण दुसऱ्या प्रोग्रॅमवर गेला आणि शेवटी एक शाळा राहिली. कुठल्या तरी दूरच्या देशात, डोंगरात. तिथल्या बाईंनी लिहिलं होतं, की आमची लाईन बारीक, मुलांचे धडे राजधानीतल्या जुन्या सर्व्हरवरून बिनकुलपाचेच येतात, तुमच्या प्रोग्रॅमवरच शाळा चालते. कृपा करून बंद करू नका.

पॅकेजं सांभाळणाऱ्या मंडळींचा जगभरचा गट आहे. ते म्हणाले, एका शाळेसाठी किती थांबायचं? काढून टाका.

हे माझ्याकडे आले. "मॅडम, 'टेल भिजल्याबिगर मोटर बंद हुणार न्हाई' ह्याला विंग्रजीत काय म्हणायचं?"

मी सुचवलं, थोडी मुदत द्यावी ही विनंती, असं लिहू.

"लय मऊ झालं. विनंती न्हाई वो. सांगायचंय त्यास्नी."

मग सांगितलं. त्याच शब्दांत, मोटरसकट. त्या गोऱ्या मंडळींना काय कळलं देव जाणे, पण मुदत मिळाली.

त्या शाळेचं यंत्र जुनाट. नवा प्रोग्रॅम त्यावर बसेना. बाई भूगोल शिकवणाऱ्या, त्यांना त्यातलं काही येईना. यांनी भंगारातून तसलंच जुनं यंत्र शोधलं आणि आणून ठेवलं कुठे? माझ्या ग्रंथालयात. माझं दुसरं कपाट गेलं. प्रत्येक पायरी आधी इथे करून बघायची, मग तिकडे लिहून पाठवायची. तिकडे अडलं की पुन्हा इथे बिघडवायचं आणि दुरुस्त करायचं. निरोप समारंभाची तारीख ठरवायला लोक त्यांच्या खनपटीला बसले होते. "शाळा भिजू द्या, मग घाला हार," एवढंच उत्तर. मी रागावले. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवत होते, दिसत होतं मला. "जगात तुम्ही एकटेच आहात का?" म्हटलं.

"ह्या पॅकेजाला एकटाच हाय," ते म्हणाले.

एका दुपारी ते आले, चष्मा काढला, खुर्चीत बसले. बाईंचा मेल आला होता. नव्या प्रोग्रॅमवर मुलांचे धडे उघडले, जुना काढून टाकला.

"पोचलं," ते म्हणाले. आणि काढलेला चष्मा सदऱ्याला पुसला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि उगाचच रजिस्टर चाळत राहिले, कारण माझेही डोळे भरले होते.

त्यांनी पॅकेज काढण्याचा अर्ज धाडला आणि त्याच झटक्यात कॉलेजातला आपला सर्व्हरही बंद केला. आणि काय झालं असेल? माझा पुस्तकं शोधायचा कॉम्प्युटर ठप्प! मुलांची रांग लागली. तो जुना कॉम्प्युटर इतकी वर्षं त्याच तळ्यातून पाणी पीत होता आणि हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

"जगभर विचारत फिरलात, आणि मी इथे हाताच्या अंतरावर बसलेय!"

त्यांनी कपाळावर हात मारला. "आवं, मोटरीजवळच्याला कोण इचारतंय? त्यो कायम भिजलेलाच, असंच धरून चालतोय आमी." टेलच्या माणसाची चूक टेलच्या माणसासारखीच. त्यांनी सर्व्हर पुन्हा चालू केला, माझा कॉम्प्युटर थेट लाईनवर घेतला, आणि नंतर अगदी रीतसर विचारलं, "मॅडम, पोचलं का?"

"पोचलं."

"मग करा बंद. तुमीच करा."

मी बटण दाबलं. पंख्याची घरघर थांबली आणि ग्रंथालय एकदम मोठं वाटायला लागलं.

रिटायर होऊन ते गावी गेले. तिथल्या पाणी समितीत शिरून भांडले आणि नियम करून घेतला, की टेलच्या माणसाला फोन करून विचारल्याशिवाय मोटर बंद करायची नाही. "हितं बी पॅकेजच सांभाळतोय म्हना," मला फोनवर म्हणाले होते. ते आमचं शेवटचं बोलणं. मग एका सकाळी हृदय थांबलं. मला फार राग आला त्यांचा. गोळ्या घेतल्या नसणार.

भेटायला गेले तेव्हा घरात त्यांच्या पत्नी एकट्याच होत्या. तेवढ्यात फळीवर ठेवलेला त्यांचा मोबाईल वाजला. मोटर बघणाऱ्या माणसाला दुसरा नंबर ठाऊक नव्हता, की सवयीनंच त्यानं लावला, कोण जाणे. त्यांनी फोन उचलला, ऐकून घेतलं, "थांब, बघते," म्हणाल्या आणि तो हातात घेऊनच बाहेर पडल्या. मी दारातून बघत होते. पार शेवटच्या सरीपर्यंत गेल्या, वाकून मातीत बोटं घातली.

तिथेच उभ्या राहून त्यांनी फोन कानाला लावला.

"पोचलं. कर बंद. आन फुडच्या पाण्याला बी ह्याच नंबराला इचार."